सगळ्यात वरचा चौकोन

कारखान्यात त्यांना सगळे झाडवाले म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मीटिंगच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांना रेघा जोडल्या आणि "आपण आधी कंपनीचं झाड उभं करू" असं जाहीर केलं. चहा घेऊन आलेल्या कॅन्टीनच्या बाईंनी फळ्याकडे मान वाकडी करून बघितलं. "मूळ वर आणि फांद्या खाली, हे कसलं झाड हो?" एवढं विचारून त्या गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत स्टोअरपासून गेटपर्यंत नाव पक्कं झालं. झाडवाल्यांना राग आला नाही. आधीच्या कंपनीत त्यांना 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचे. त्या मानाने ही बढतीच होती.

कारखाना बिजागऱ्यांचा. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, आणि एका कोपऱ्यात तिजोरीच्यासुद्धा. खरेदी, विक्री, माल, पगार, रजा असं सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये आणून बसवायचं, हे झाडवाल्यांचं काम. असं सॉफ्टवेअर म्हणजे घरात आलेल्या नव्या सुनेसारखं. कोण कोणाला विचारून काय करतं, हे तिला पहिल्या दिवशी सांगावं लागतं. फरक इतकाच, की सून मान डोलावते आणि स्वतःचे डोळे उघडे ठेवते. सॉफ्टवेअर सांगितलेलं सगळं खरं मानून चालतं. म्हणून झाड नीट पाहिजे. झाडवाले हे वाक्य प्रत्येक कंपनीत म्हणत, आणि प्रत्येक कंपनीत झाड चुकवत.

या वेळी चुकून चालणार नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या साहेबांनी निघतानाच सांगितलं होतं, "आधीच्या दोन ठिकाणांहून तू नुसते आभार घेऊन आलास. आभारावर ऑफिसचं भाडं निघत नाही. इथून एक वर्षाचं देखभालीचं काम पदरात पाडून घे. नाहीतर तू तुझा मोकळा, आम्ही आमचे मोकळे." झाडवाल्यांचं वय असं, की मोकळं होण्यातली मजा संपलेली आणि निवृत्तीला अजून बराच अवकाश.

तर झाड. खालच्या फांद्या सरळ होत्या. वर येऊन सगळं अडलं. कंपनी दोघा भावंडांची, निम्मी-निम्मी. थोरल्या बाई कारखाना बघायच्या, धाकटे साहेब विक्री. दोघांच्या केबिन एकाच कॉरिडॉरच्या दोन बाजूंना, दारासमोर दार. झाडवाल्यांनी थोरल्या बाईंना वर घातलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"छे छे," बाई म्हणाल्या. "साहेबांना वर घ्या. व्यवहाराचं त्यांना जास्त कळतं."

झाडवाले कॉरिडॉर ओलांडून पलीकडे गेले.

"भलतंच काय?" धाकटे साहेब म्हणाले. "ताई मोठी आहे. तिच्या डोक्यावर मी बसू का?"

झाडवाल्यांना आधी वाटलं, काय हा विनय! मग वाटलं, हे राजकारण असणार. मग त्यांनी दोन्ही शक्यता धरून लांबलचक प्रेझेंटेशन केलं, त्यात एका पानावर बुद्धिबळाच्या सोंगट्यांचं चित्रही टाकलं. दोघांनी वेगवेगळ्या वेळी ते पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी त्यांनी दोघांना शेजारी-शेजारी, अगदी एका रेषेत बसवलं. सॉफ्टवेअरने लगेच लाल खूण दाखवली. त्याचा नियम साधा होता: प्रत्येक चौकोन दुसऱ्या कोणत्या तरी चौकोनाखाली लटकला पाहिजे, फक्त एकाच चौकोनाला ती सूट.

मग झाडवाल्यांना आपल्या हुशारीचा झटका आला. असे झटके त्यांना वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी यायचे आणि उरलेलं वर्ष ते निस्तरण्यात जायचं. त्यांनी दोघांच्या वर एक रिकामा चौकोन काढला, त्याला 'समन्वय' असं नाव दिलं, आणि दोघांना त्याखाली सारख्या उंचीवर टांगलं.

"हा वरचा कोणाचा?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"कोणाचाच नाही. सिस्टमला लागतो म्हणून."

"वा!" असं म्हणून बाईंनी सही केली. पलीकडे धाकट्या साहेबांनी तर विचारलंही नाही. पेन आधीच उघडून ठेवलं होतं. इतके दिवस अडलेलं काम चहा निवायच्या आत झालं, तेव्हाच खरं तर झाडवाल्यांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण कौतुकाच्या वेळी त्यांच्या मनातल्या पाली नेहमीच रजेवर असत.

चौकोन रिकामा असला, तरी चाचणीसाठी त्यात कोणीतरी माणूस बसवावा लागतो. झाडवाल्यांनी स्वतःचं नाव टाकलं. चाचणीत खोटे अर्ज भराभर वर यायचे, प्रत्येकावर 'मंजूर' दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी एक सोय केली: वरच्या चौकोनाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही, तर अर्ज मंजूर धरावा. अर्जांच्या सूचनांनी मेल भरून जायला लागला, तेव्हा त्या सूचना परस्पर एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जातील अशीही व्यवस्था केली. या सगळ्या तात्पुरत्या गोष्टी होत्या. चाचणी संपली की काढायच्या, असं त्यांनी एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलं. चिठ्ठीचा डिंक त्यांच्या निश्चयाइतकाच होता. ती कुठेतरी पडली.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि झाडवाल्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी ओरडत आलं नाही. उलट लोक हसून नमस्कार करायला लागले. कॅन्टीनला नवा ओव्हन आला. खरेदी विभागाला मान टेकवायच्या खुर्च्या आल्या. रंगकाम बघणाऱ्या माणसाला कित्येक वर्षं मागत असलेली दिवसपाळी मिळाली. तो येऊन त्यांचा हात हातात घेऊन उभाच राहिला. "तुमचं झाड लागलं हो साहेब!" झाडवाले नम्रपणे म्हणाले, "छे, छे, मी काय केलं?" हे अक्षरशः खरं होतं, पण त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी एक आलेख काढला. रेघ वर चढत गेलेली. खाली लिहिलं: निर्णयांचा वेग.

त्याच हवेत असताना त्यांनी एक वर्षाच्या देखभालीचा प्रस्ताव सॉफ्टवेअरमधूनच पाठवला. दोघांनी तो वर ढकलला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो मंजूर होऊन आला. खाली मंजुरी कोणाची, हे आनंदात त्यांनी बघितलंही नाही. झाडवाल्यांनी आपल्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "तू? खरंच?" घरी जाताना त्यांनी आईस्क्रीम घेतलं.

बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला कुठल्याही उत्तरापेक्षा ते कसं आलं यात जास्त रस. "दोघं भावंडं हो म्हणाली? जी कागदाला हात लावायला तयार नव्हती ती?"

"अगं, झाड नीट केलं की निर्णय आपोआप होतात."

"आपोआप होतात ना, त्याचीच मला भीती वाटते."

मुलगी आईस्क्रीमचा चमचा चाटत म्हणाली, "बाबा, मैत्रिणीच्या मांजरीला पिल्लं झालीत. एक आणू?"

"आईला विचार."

"आईला विचारलं. ती म्हणाली, बाबांना विचार."

"मग पुन्हा एकदा विचार," असं म्हणून झाडवाल्यांनी दुसरी वाटी भरून घेतली.

पुढच्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा माल जायचा होता. सकाळी ट्रक गेटवर येऊन उभे राहिले आणि डिस्पॅचच्या शेडमध्ये कोणीच नव्हतं. म्हणजे कोणीच. खोकी होती, ट्रॉल्या होत्या, भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. गिऱ्हाइकाचा माल संध्याकाळच्या आत पोचला नाही, तर पुढची ऑर्डर दुसऱ्या कारखान्याची, हे ट्रक ड्रायव्हरलासुद्धा माहीत होतं. थोरल्या बाई धावत आल्या, मागून धाकटे साहेब, त्यांच्या मागून गळ्यात लॅपटॉपची पिशवी अडकवलेले झाडवाले.

बाईंनी डिस्पॅचच्या सुपरवायझरला फोन लावला. स्पीकरवर आधी बँड ऐकू आला.

"मॅडम, माझ्या मुलीचं लग्न आहे ना आज! सगळी पोरं इकडेच आहेत, वाढायला लागलीत."

"सगळी? अहो, सगळ्यांना रजा कोणी दिली?"

"मलाही तोच प्रश्न पडला, मॅडम. आम्ही आपले नेहमीसारखे सगळ्यांनी अर्ज टाकले. दरवेळी तुम्ही म्हणता साहेबांना विचारा, साहेब म्हणतात ताईंना विचारा, मग आम्ही समजून घेतो आणि निम्मे जातो. या वेळी सगळ्यांचे मंजूर! मी तर बायकोला म्हटलं, कंपनी सुधारली."

"पण मंजूर केले कोणी?"

"नाव येतं ना फोनवर. आपले झाडवाले."

बँड पुन्हा सुरू झाला. बाईंनी फोन ठेवला. दोघा भावंडांनी एकाच वेळी मान वळवली. दोघं एकमेकांची किती सख्खी आहेत, हे झाडवाल्यांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

"सिस्टमची..." त्यांनी सुरुवात केली. 'सिस्टमची चूक' या दोन शब्दांवर त्यांची अर्धी कारकीर्द उभी होती. पण तेवढ्यात ड्रायव्हर मध्ये आला.

"ते तुमचं नंतर बघा. इथला मोठा कोण? माल भरायचा की मी परत जाऊ?"

थोरल्या बाईंनी सवयीने भावाकडे बोट केलं. धाकट्या साहेबांनी बहिणीकडे. ड्रायव्हरने दोन्ही बोटांकडे बघितलं आणि उरलेल्या माणसाकडे, म्हणजे झाडवाल्यांकडे, वळून म्हणाला, "मग तुम्ही सांगा."

झाडवाल्यांनी पिशवी खाली ठेवली आणि एक खोकं उचललं. म्हणजे उचलायला गेले. बिजागऱ्या लोखंडाच्या असतात, हे त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये वजनासकट भरलं होतं. कंबरेला ते आज कळलं.

"अहो, असं नाही!" थोरल्या बाई ओरडल्या. "ट्रॉली घ्या! बाळ, तू आत चढ. जड माल पुढे लाव, केबिनकडे."

पन्नाशीचे धाकटे साहेब, ज्यांना कंपनीत गेली कित्येक वर्षं कोणी 'बाळ' म्हटलेलं नव्हतं, ते बुटांसकट ट्रकमध्ये चढले. ऑफिसमधून मिळेल तो माणूस आला. खरेदीवाले मान टेकवायच्या खुर्च्या सोडून आले. कॅन्टीनच्या बाई आल्या, त्यांनी झाडवाल्यांच्या हातातली ट्रॉली काढून घेतली आणि "तुम्ही बाजूला उभे राहून झाडं लावा" म्हणाल्या. दुपार टळायच्या आत शेवटचा ट्रक गेटबाहेर पडला.

मग तिघं रिकाम्या शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या खोक्यांवर बसले. साहेबांच्या शर्टावर ग्रीसचा हात उमटला होता. झाडवाल्यांनी लॅपटॉप मांडीवर उघडला, आणि कोपऱ्यातलं ते फोल्डर उघडलं. स्क्रीन खाली-खाली सरकत गेली तरी यादी संपेना. ओव्हन. खुर्च्या. दिवसपाळी. डिस्पॅचची सगळी पोरं, एकाखाली एक. आणि मध्येच कुठेतरी, स्वतःच्याच नावाचा देखभालीचा प्रस्ताव, ज्यावर मंजुरी देणाऱ्याचंही नाव तेच.

सांगण्यासारखं बरंच होतं, त्यातलं सोयीचं काहीच नव्हतं. म्हणून झाडवाल्यांनी सगळं सांगितलं. रिकामा चौकोन, स्वतःचं नाव, गप्प बसलं की मंजूर, पडलेली चिठ्ठी.

"म्हणजे," धाकटे साहेब हळूच म्हणाले, "इतके दिवस आमची कंपनी तुम्ही चालवताय?"

"चालवत नाही. नुसता वर बसलोय."

"मग मालकच की!" असं म्हणून बाई हसायला लागल्या. साहेबही हसले. आणि हसता हसता बाई एकदम थांबल्या.

"बाबा होते तेव्हा या शेडमध्ये एकच शब्द ऐकू यायचा, 'नाही'. रजा? नाही. पंखा? नाही. माणसं त्यांना बघून रस्ता बदलायची. ते गेले तेव्हा मी म्हटलं, मी काही तशी होणार नाही."

"मीही म्हटलं," साहेब म्हणाले. "म्हणून कोणी आलं की तुझ्याकडे पाठवायचो."

"आणि मी तुझ्याकडे. चार फेऱ्या मारून माणूस दमायचा, आपणच घरी जायचा. आपण दोघं चांगली, आणि नाही म्हणायचं काम कॉरिडॉर करायचा." बाईंनी झाडवाल्यांकडे बघितलं. "तुम्ही तो कॉरिडॉर झाडात घातलाच नाहीत."

झाडवाल्यांनी कितीतरी महिने तो कॉरिडॉर दिवसातून दहादा ओलांडला होता. त्यांना तो फक्त रस्ता वाटला होता.

"तुमचं नाव काढा," बाई म्हणाल्या. "माझं घाला."

"ताई, लोक तुला शिव्या घालतील."

"घालू देत. निदान कोणाला घालायच्या ते तरी कळेल त्यांना."

झाडवाल्यांनी नाव बदललं, गप्प बसलं की मंजूर हा नियमही काढला. सॉफ्टवेअरने विचारलं: याआधी आपोआप मंजूर झालेले अर्ज नव्या वरिष्ठांपुढे पुन्हा ठेवायचे का? खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं असतं तर जुनं सगळं झाकलं राहिलं असतं, देखभालीच्या वर्षासकट, आणि कोणाला पत्ता लागला नसता. झाडवाल्यांना स्वतःविषयी फारसे गैरसमज नव्हते. बोट 'नाही'वर जाऊन आलं, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी 'हो' दाबलं आणि लॅपटॉप बाईंच्या मांडीवर ठेवला, परत घेता येऊ नये म्हणून.

बाईंनी चष्मा लावला. "ओव्हन राहू दे. खुर्च्या आल्यात तर बसू देत. दिवसपाळी बरोबर आहे, त्याचे डोळे गेलेत रात्रीचं काम करून. हे काय? बाळ, प्रदर्शनाला विमानाने चार माणसं?"

"हो."

"नाही. मागच्या वेळी तिथून काय आणलंस? पेनं."

धाकट्या साहेबांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं. मलाही जायचं नव्हतं. पण पोरांना नाही कोण म्हणणार?"

बाई खाली सरकत होत्या. मध्येच थांबल्या. झाडवाले शेडच्या छताकडे बघायला लागले.

"एक वर्षाची देखभाल. हे कोणी मंजूर केलं?"

"मीच. म्हणजे, मी गप्प बसलो, त्यामुळे झालं."

"काम अजून काय राहिलंय?"

या प्रश्नाचं उत्तर झाडवाल्यांना झोपेतही देता आलं असतं. काम नेहमीच राहिलेलं असतं. अहवाल राहिलेले असतात, प्रशिक्षण राहिलेलं असतं, नवी आवृत्ती तर कायमच येऊ घातलेली असते. काम संपलं असं म्हणणारा सल्लागार त्यांनी आजवर पाहिलेला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं, बाईंच्या चष्म्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून भलताच शब्द बाहेर पडला.

"काही नाही. वरच्या चौकोनात माणूस नव्हता, तेवढंच राहिलं होतं. आता तेही झालं."

बाईंनी 'नामंजूर' दाबलं. नकाराचं कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा नियम झाडवाल्यांनीच मोठ्या अभिमानाने घातला होता. बाईंनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत लिहिलं: काम पूर्ण झाले आहे.

गेटबाहेर आल्यावर त्यांनी आपल्या साहेबांना फोन करून सांगितलं. मग साहेब म्हणाले, "काम पूर्ण झालं, असं लेखी दिलंय?"

"दिलंय."

"गिऱ्हाइकाने? नावासकट?"

"नावासकट."

"पाठव मला. असं लेखी आपल्याला आजवर कोणी दिलेलं नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "बाकीचं सोमवारी ये, मग बघू. मी तुला काही कबूल करत नाही हं."

घरी पोचेपर्यंत कंबर धरली होती. ते सोफ्यावर आडवे झाले आणि बायकोला सगळं सांगितलं, खोकी, बँड, बाळ, बोट, सगळं. तिने गणिताच्या वह्या बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे त्या बाईंनी तुमचाच अर्ज फेटाळला? कारण लिहून?"

"हो."

"मग चालतंय की हो तुमचं सॉफ्टवेअर!"

झाडवाल्यांना हसू आलं, आणि हसल्यावर कंबरेत कळ आली. मुलगी दारात उभी होती. वातावरण बरं आहे असं बघून म्हणाली, "बाबा, पिल्लाचं काय?"

"आईला वि..." झाडवाले बोलता बोलता थांबले. बायको पेनचं टोपण लावत त्यांच्याकडेच बघत होती. मदत करायचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

"इकडे ये," ते म्हणाले, "आणि आधी मला शेकायची पिशवी दे. मग सांग, पहाटे ते ओरडलं तर उठणार कोण?"

मुलीने पिशवी आणून दिली. मग म्हणाली, "तुम्ही."

"मग नाही," झाडवाले म्हणाले.

मुलगी रुसली. पाय आपटत आत गेली, दार जरा जोरातच लोटलं. झाडवाले कंबर शेकत पडून राहिले. फार बरं वाटत नव्हतं, पण वाटलं होतं तितकं वाईटही नव्हतं.